रिलेला वीज कुठून द्यायची

गिटारचा ॲम्प्लिफायर घरी बनवायचा म्हटलं की लोकांना वाटतं, खरं अवघड काम आवाजाचं असतं. तसं काही नाही. आवाजाचं काम शंभर जणांनी करून ठेवलेलं आहे, त्यांच्या पावलावर पाऊल ठेवून गेलं की झालं. जीव खातात ती किरकोळ कामं. रिलेला वीज कुठून द्यायची, हे असंच एक किरकोळ काम. त्यावर मी जेवढं डोकं घातलं तेवढं कशावरच घातलं नाही, आणि अजूनही ते डोक्यातून जात नाही.

माझं केडगावला दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी ॲम्प्लिफायर, डेक, स्पीकर यायचे. आता इन्व्हर्टर आणि मिक्सर येतात, आणि ते उघडताना माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं असं बायको म्हणते. ती खोटं बोलत नाही.

ॲम्प्लिफायर बनवायचा होता माझ्या मित्रासाठी. तो कोल्हारचा. गावापासून आत, प्रवरेच्या बाजूला त्याची वस्ती, भोवती कांदा आणि ऊस. शेती करायचा आणि ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. आधी लग्नं आणि जत्रा, पुढं शिर्डीच्या हॉटेलांत संध्याकाळी यात्रेकरूंसमोर भजनं. भजनाला गिटार कशाला, असं मी एकदा चिडवलं तर म्हणाला, "देवाला चालतंय, तुझं काय जातंय?" आमची ओळख अशीच, एकमेकांची खोड काढत वाढलेली. माझ्या हातचा, जुन्या पद्धतीचा, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर त्याला हवा होता. कधीतरी करू, असं आमचं ठरलेलं होतं. कधीतरी म्हणजे कधी, हे दोघांपैकी कुणीच विचारत नव्हतं.

मग त्याच्या बोटांतून पिक निसटायला लागलं. पिक म्हणजे तारा छेडायची प्लास्टिकची चिपटी. आधी वाटलं घामानं निसटतंय. मग चहाचा कप निसटला, शर्टाची बटणं लागेनात. नगरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, पुण्याच्यांनी परत नगरला, आणि या सगळ्या हेलपाट्यांतून जे निघालं ते त्यानं माझ्या दुकानात स्टुलावर बसून सांगितलं. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा वाळत जाणार. आधी हात, मग पाय, मग जीभ, मग श्वास.

"आणि डोकं?" मी विचारलं.

"डोकं शाबूत ऱ्हानार हाय शेवटपर्यंत," तो म्हणाला. "तेच लई वाईट. सगळं कळनार, आन् सांगता येनार न्हाई."

मी हातातला सोल्डर खाली ठेवला. तो म्हणाला, "आता बनव. हात हायेत तवर."

मी दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. मिक्सरवाल्यांना परत पाठवायला लागलो. ट्रान्सफॉर्मर मी स्वतः गुंडाळला, पेटी ओळखीच्या सुताराकडून करून घेतली. त्याला दोन आवाज हवे होते, एक स्वच्छ आणि एक खरखरीत, तापलेल्या गळ्यासारखा. एकातून दुसऱ्यात जायला वाकून बटण फिरवणं त्याला जमणार नव्हतं, म्हणून ते काम पायावर टाकायचं ठरलं. पायाखाली एक बटण. एकदा दाबलं की खरखरीत आवाज आणि लाल दिवा, परत दाबलं की स्वच्छ आवाज आणि दिवा बंद. त्यासाठी रिले लागतो. रिले म्हणजे विजेनं चालणारा छोटा स्विच. आत तारेचं वेटोळं असतं. त्याला वीज मिळाली की एक पत्री खेचली जाते आणि टिक होतं. वीज गेली की स्प्रिंग पत्रीला मागं ओढते, पुन्हा टिक होतं. एवढंच त्याचं आयुष्य.

रिले मी काढले मेलेल्या स्टॅबिलायझरांतून. आमच्याकडं स्टॅबिलायझर इतके मरतात की त्यांच्या रिलेंचा माझ्याकडं डबा भरलेला आहे. ते बारा व्होल्टवर चालतात. आता बारा व्होल्ट आणायचे कुठून? सरळ मार्ग म्हणजे वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर बसवायचा. पण पेटीत जागा नव्हती, आणि शहाणपणाचा किडा मला चावलेला. व्हॉल्व्ह तापवायला मुख्य ट्रान्सफॉर्मरवर सहा व्होल्टचा एक फेरा असतोच. दोन डायोड, दोन कपॅसिटर लावले की त्या सहाचे बारा होतात. तेच रिलेला दिले. फुकटात काम झालं म्हणून मी स्वतःवरच खूश. केडगावात दुकानात लावून पाहिलं, रिले झकास टिकटिकत होते.

पेटी घेऊन मनमाड रोडनं निघालो. त्या रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल मी काही लिहीत नाही, लिहिलं तर शिव्याच निघतील. व्हॉल्व्ह काढून मांडीवर घेऊन बसलो होतो.

संध्याकाळी त्याच्या ओट्यावर पेटी लावली. वहिनी, म्हणजे त्याची बायको, आत चुलीपाशी होत्या. त्यानं गिटार गळ्यात अडकवली. पिक धरता येत नव्हतं म्हणून अंगठ्यानं छेडायला लागला. पहिला सूर निघाला तेव्हा त्याच्या तोंडाकडं बघवेना मला, इतका तो सुखावला होता. थोडं वाजवून त्यानं पायानं बटण दाबलं, लाल दिवा लागला, खरखरीत आवाज आला. एक लांब सूर त्यानं धरला. आणि तो सूर मधेच तुटून गुळगुळीत झाला, परत खरखरला, परत तुटला. त्याचा पाय जागचा हललेला नव्हता.

"तुझ्या पेटीत भूत हाय," तो म्हणाला.

मी पेटीला कान लावला. आत रिले आपोआप टिकटिकत होते. आणि मग मला शिवारातला आवाज ऐकू आला, विहिरींवरच्या मोटारींचा.

शेताची लाइट ठरल्या वेळी येते, आणि ती वेळ आठवड्या-आठवड्याला बदलते. अंधारात विहिरीवर कोण जाणार? बिबट्या आहे, साप आहेत. म्हणून प्रत्येकानं स्टार्टरला ऑटो स्विच बसवून घेतलेला आहे. लाइट आली की थोड्या वेळानं मोटार आपली आपण सुरू होते. एकाची झाली की दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. सगळ्यांच्या मोटारी आणि वस्तीवरचे दिवे एकाच डीपीवर, म्हणजे शिवारातल्या एकाच ट्रान्सफॉर्मरवर. एकेक मोटार उठताना घरातला बल्ब विझल्यासारखा होतो आणि पुन्हा उजळतो. तिथं राहणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, बल्बकडं कुणी बघतसुद्धा नाही. माझ्या रिलेला मात्र वाटत होतं. व्होल्टेज पडलं की सहा व्होल्टचे चार होत होते, बाराचे सात-आठही राहत नव्हते. पत्री सुटायची, टिक. मोटार वेगात आली की व्होल्टेज सावरायचं, पत्री परत खेचली जायची, टिक. केडगावच्या बऱ्या व्होल्टेजवर पाहून मी ही पेटी कोल्हारच्या वस्तीवर आणली होती. इतकी वर्षं मेलेले स्टॅबिलायझर उघडतोय, ते कुठून येतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

मला भयंकर राग आला, आणि तो सगळा मी मोटारवाल्यांवर काढला. तो हसत होता. "त्येंचा कांदा वाळू दे का तुझ्या पेटीपायी?"

रिलेला वेगळी, न हलणारी बारा व्होल्टची बॅटरी हवी, असं मी म्हणालो. वहिनींनी ते आतून ऐकलं. हात पुसत बाहेर आल्या आणि गोठ्याकडून फवारणीचा पंप घेऊन आल्या. पाठीवर घ्यायचा, बॅटरीवर चालणारा.

"ही बघा बरं भाऊजी, बारा व्होल्टचीच हाय ना?"

होती. मी बॅटरी काढून पेटीच्या मागं बसवली, रिले तिच्यावर चालू केले, आणि शिवारातल्या उरलेल्या मोटारी उठत असताना त्यानं तोच लांब सूर पुन्हा धरला. या वेळी तो तुटला नाही. व्हॉल्व्हच्या फेऱ्यावरून येणारी जुनी वायर मी तशीच ठेवली. फवारणीला बॅटरी लागली तर काढून घ्या, म्हणालो, पेटी लाइटवर चालू केली की रिले आपोआप जुन्या वायरीवर जातील. वाजवताना थोडं भूत येईल, एवढंच. वहिनी हसल्या.

तो हिवाळा त्यानं वाजवून काढला. मग बोटं गेली. एक दिवस गिटार खुंटीला लागली ती लागलीच. पुढं उजवा पाय लुळा पडला, मग जीभ जड झाली. आधी शब्द चिकट झाले, मग नुसते हुंकार राहिले, मग तेही राहिले नाहीत. मी जमेल तेव्हा जायचो आणि त्याच्या खाटेशी बसून एकट्यानं बडबडायचो. इतकी वर्षं जो मला एक वाक्य धड पुरं करू द्यायचा नाही, त्याच्यापुढं मी सलग बोलत होतो आणि तो ऐकून घेत होता. मला ते अजिबात सोसायचं नाही.

पेटी खाटेच्या पायथ्याशीच होती आणि पायाचं बटण तिथंच पडलेलं असायचं. एका दुपारी वहिनींनी विचारलं, "चहा ठेवू का?" माझ्यासाठी विचारलं होतं. तेवढ्यात पेटीतून टिक झालं आणि लाल दिवा लागला. आम्ही दोघांनी पेटीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. त्याचा डावा पाय बटणावर होता आणि डोळे हसत होते.

"तुमाला बी पायजे?" वहिनींनी विचारलं.

टिक.

"साखर टाकू?"

टिक, आणि थोडं थांबून पुन्हा टिक.

त्या दिवसापासून तीच त्याची भाषा झाली. एकदा टिक म्हणजे होय, दोनदा म्हणजे नाही. मी बटण बदललं, हलक्या स्प्रिंगचं घातलं, वर एक रुंद पत्रा लावला, म्हणजे पायाचा नुसता भार पडला तरी पुरे. सगळं खाटेला बांधून दिलं. बॅटरी असल्यामुळं लाइट नसतानाही ते चालायचं. व्हॉल्व्ह थंडगार, स्पीकर मुका, आणि त्या मुक्या पेटीतून त्याचं होय-नाही यायचं. खिडकी लावू? टिक. कूस बदलू? टिक टिक. ज्या माणसाला सगळं कळणार होतं आणि काहीच सांगता येणार नव्हतं, त्याला दोन शब्द मिळाले होते. मला माझ्या उभ्या आयुष्यात कुठल्या कामाचं एवढं समाधान झालं नव्हतं.

एकदा आम्ही दोघंच होतो तेव्हा मी विचारलं, "कंटाळलास का रे?"

बराच वेळ काहीच नाही. मग टिक झालं. मी मान खाली घातली. बऱ्याच वेळानं, मी दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलायला लागल्यावर, टिक झालं आणि थांबून पुन्हा टिक. त्यानं उत्तर बदललं होतं, की मी जे बोलत होतो त्याला तो नाही म्हणत होता, ते मला कळलं नाही. विचारायला हवं होतं. पण मला तेवढं होय-नाही पुरे झालं होतं.

पावसाळा सरता सरता श्वास अडकायला लागला. डॉक्टरांनी वहिनींना स्पष्ट सांगितलं. पुढच्या वेळी श्वास फार अडकला तर दोनच मार्ग आहेत. गळ्याला भोक पाडून मशीन लावायचं, त्यावर तो किती काळ राहील सांगता येत नाही. नाहीतर घरीच ठेवायचं आणि त्रास कमी करायची औषधं द्यायची. ठरवून ठेवा, आणि शुद्ध आहे तोवर त्यांनाच विचारा, असं ते म्हणाले. वहिनींनी मला फोनवर सांगितलं आणि म्हणाल्या, "मी इचारीन. मलाच इचारलं पायजे." मी येऊ का म्हटलं तर नको म्हणाल्या. नवरा-बायकोतलं बोलणं होतं ते. मी गेलो नाही.

नंतर त्यांचा एवढाच फोन आला की विचारलं, ते नाही म्हणाले. पुढं श्वास अडकला तेव्हा त्यांनी त्याला घरीच ठेवलं. डॉक्टरांनी दिलेली औषधं दिली. तो गेला.

दहाव्याला प्रवरेच्या घाटावर कावळा लवकर शिवला. लोक म्हणाले, आत्मा तृप्त होता, काही मागं राहिलं नाही. मीही मान हलवली. विधी उरकून वस्तीवर आलो, पाहुणे जेवून पांगले. वहिनी ओट्यावर येऊन बसल्या, जिथं त्यानं पहिल्यांदा पेटी वाजवली होती तिथं. रडून रडून चेहरा सुजला होता, पण आवाज शांत होता.

"दिरांचं म्हननं, मशीन लावायला पायजे हुतं," त्या म्हणाल्या. "माहेरचे बी तेच म्हनले. मी समद्यांना एकच सांगितलं. त्येंनी सोता न्हाई म्हनून सांगितलंय. त्याच्यावरच मी उभी हाय भाऊजी, न्हाईतर कवाच खचले असते."

"बरोबर केलंत," मी म्हणालो.

"इचारायचा धीरच व्हईना. किती दिवस टाळलं. त्या दिवशी आभाळ आलं हुतं, कांद्यावर करपा पडायला लागला, म्हनून दिवसभर फवारनी केली. फवारताना मनाशी बोलत हुते, आज इचारायचंच. संध्याकाळी आले, हातपाय धुतले, तेवढ्यात लाइट बी आली. पेटी चालू केली. लाल दिवा लागलेलाच हुता. त्येंच्या उशाशी बसले, गोधडी नीट केली, आन् इचारलं. मशीन लावायचं का म्हनून. टिक टिक झालं. दिवा गेला आन् परत आला. मी त्येंच्या तोंडाकडं बघत हुते. डोळ्यांत पानी हुतं त्येंच्या."

दिवसभर फवारणी, म्हणजे बॅटरी पंपात होती. पेटी चालू केली, म्हणजे रिले जुन्या वायरीवर होते. लाइट नुकतीच आलेली, म्हणजे मोटारी उठायच्या होत्या, एकामागून एक. दिवा लागलेला होता, म्हणजे पत्री खेचलेली होती आणि सुटायला तयार होती. एक मोटार उठली असेल तर व्होल्टेज पडताना एकदा टिक होणार आणि सावरताना एकदा. पाय न हलताही पेटी नाही म्हणू शकत होती. पाय गोधडीखाली होता.

"परत नाही विचारलंत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. "असलं दोनदा कसं इचारनार, भाऊजी?"

मी वाकून ओट्याखालच्या चपला सरळ केल्या.

"मी बटन काढून बाजूला ठेवलं," त्या म्हणाल्या. "एवढं बोलल्यावर त्येंना आनखी काय बोलायला लावायचं? पेटी बंद केली." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ती कधी चुकायची न्हाई ना?"

"नाही," मी म्हणालो. "ती चुकायची नाही."

निघताना त्यांनी पेटी मला परत दिली. आता ती कोण वाजवणार, म्हणाल्या. बॅटरी काढून घेतलेलीच होती.

पेटी आता दुकानात आहे. ती आणली त्याच दिवशी मी ती चालू करून, व्होल्टेज कमी-जास्त करायच्या यंत्रावर लावली. बटण दाबून लाल दिवा लावला. मग मोटार उठताना पडतं तसं व्होल्टेज एकदम खाली आणलं आणि सोडलं. टिक टिक. मग व्होल्टेज नीट ठेवून, मित्र दाबायचा तसं पायाच्या नुसत्या भारानं बटण दोनदा दाबलं. त्याच्या पायाला परत उचलायला वेळ लागायचा, म्हणून तेवढं थांबलो. टिक. आणि मग टिक. आवाज दोन्हींचा अगदी एकच आहे. फरक आहे तो फक्त मधल्या वेळात. मोटारीच्या दोन टिकमध्ये श्वास घ्यायलाही वेळ मिळत नाही. त्याच्या दोन टिकमध्ये मिळायचा.

म्हणजे हे कळण्याजोगं आहे. वहिनींना एवढंच विचारायचं, त्या दोन टिक लागोपाठ झाल्या, की मधे थोडा वेळ गेला. त्यांना नक्की आठवत असेल. अधूनमधून त्यांचा फोन येतो, कांद्याचं सांगतात, तब्येतीचं विचारतात. मी कांद्याचं विचारतो आणि फोन ठेवून देतो.